गळ्यातला डबा

सूर्यफुलाचं बी दातांत फोडायचं, दाणा खायचा आणि साल थुंकायची. कुठं पडली ते बघायचं नाही. साडेसहा फुटी गोऱ्या खेळाडूनं थुंकलेली साल माझ्या मनगटावर येऊन चिकटली. ओली, तंबाखूच्या रसानं तपकिरी झालेली. मी त्याच्या बुटापाशी वाकून आधीची सालं वेचत होतो. तो सॉरी म्हणाला नाही. बाजूच्याला कोपर मारून हसला. मग दुसरी थुंकला. ही नेम धरून.

हा खेळ बेसबॉल. दुबईच्या कडेला वाळूत स्टेडियम आहे. एकानं दंडुका धरायचा, दुसऱ्यानं मातीच्या उंचवट्यावरून त्याला चेंडू फेकायचा. तो उंचवटा माझ्या हातचा. लाल चिकण माती रास अल खोरच्या गोदामातून येते. ती चाळायची, भिजवायची, चोपायची. उतार बोटाच्या पेराएवढा चुकला तरी फेकणाऱ्याचा खांदा जातो. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण माती मला कळते. गावच्या तालमीचा हौद उकरायचं काम आमच्या घराकडे होतं. उकरायचं आम्ही, लढायचं त्यांनी.

पण तालमीतला पैलवान निदान मातीला हात लावून कपाळाला लावायचा. हे मातीवर थुंकतात. बसले तिथं थुंकतात, उभे राहिले तिथं थुंकतात, स्वतःच्या हातमोज्यात थुंकतात. यांचे फोटो रस्त्याकडेला दोन मजली उंच लावलेत, पोरांनी यांच्यासारखं व्हावं म्हणून. आणि बघायला कोण येतं? खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आमच्याच कामगार कॅम्पातले लोक बसमध्ये भरून आणतात. डोक्यावर टीमच्या टोप्या घालतात. टाळ्या वाजवा म्हणतात. मॅच संपली की दारातच टोप्या काढून घेतात.

आमचा मॅनेजर पुण्याचा. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बायकापोरांसह राहतो. मला काका म्हणतो. "काका, यल्ला, उरका." "काका, जरा हसत काम करा, कॅमेरा असतो." परदेशात मराठी माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी मला बरं वाटलं होतं. त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाला. मातीवर आम्ही सात जण होतो. खेळाडू बसतात त्या शेडची झाडलोट मात्र माझ्या एकट्याकडे आली. आडनाव विचारल्यावर आली.

अनसू, माझी बायको, याच सीझनमध्ये गेली. कावीळ झाली म्हणाले. मी सुट्टी मागितली. "फायनल होऊ दे काका, लगेच पाठवतो, इन्शाल्ला." तिला उचलताना मी मोबाईलवर बघितलं. पोरानं फोन वर धरला होता, मधे माणसं येत होती, तिचा चेहरा धड दिसला नाही. दुपारी मी शेडमध्ये सालं वेचत होतो.

मनगटावर थुंकले त्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, "साहेब, हे अंगावर थुंकतात."

"मस्करी असते हो काका. त्यांची सवय आहे. मी सोल्युशन काढतो."

दुसऱ्या दिवशी सोल्युशन आलं. निळा प्लास्टिकचा डबा, दोन बाजूंना भोकं, त्यांत आयकार्डाची पट्टी ओवलेली. त्याच्या स्वतःच्या गळ्यात असते तसलीच. त्यानं तो डबा आपल्या हातानं माझ्या गळ्यात घातला.

"हे बघा, दोन्ही हात मोकळे. सालं डायरेक्ट यात."

खेळाडूंना खेळणं मिळालं. बाकावरून नेम धरायला लागले. साल डब्यात पडली की एकमेकांच्या हातावर टाळी. बहुतेक वेळा नेम चुकायचा आणि माझ्या सदऱ्यावर पडायची. एवढे पैसे घेतात नेमाचे, आणि हातभर अंतरावरचा डबा यांना सापडत नाही. कॅमेऱ्यानं ते मोठ्या पडद्यावर दाखवलं. समोर आमच्याच कॅम्पातली टोपीवाली माणसं टाळ्या वाजवत होती. आणि मी हसलो. हे लपवायचं नाही. कॅमेरा दिसला आणि मी हसलो.

बाहेर नळावर पेशावरचा खान दाताळं धूत होता. आमच्या सातांतलाच. माझ्याकडे बघून म्हणाला, "क्या चाचा, गले में लोटा बाँध दिया तेरे?"

त्यानं सहज चेष्टा केली. त्याला काही माहीत नाही. पण मला माहीत आहे.

आमचा आजा सांगायचा. त्याला त्याच्या आज्यानं सांगितलेलं. गावात जाताना आपल्या माणसानं गळ्यात मडकं बांधायचं. थुंकायचं तर त्यात. आपली थुंकी रस्त्यावर पडली तर रस्ता बाटतो.

तेव्हा आमचीच थुंकी आमच्या गळ्यात होती. आता यांची. एवढी प्रगती झाली. मडक्याचं प्लास्टिक झालं.

खानला माहीत नव्हतं. पुण्याच्या माणसाला माहीत नव्हतं?

आणि मला अनसू आठवली. ती ग्रामपंचायत झाडायची. सरपंच खुर्चीत बसून भिंतीवर पान थुंकायचा, खाली ती फडकं घेऊन उभी. एक दिवस तिनं फडकं त्याच्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "तोंड तुमचं, भिंत तुमची, पुसा." काम गेलं. घरी आल्यावर मी तिला वेडी म्हणालो. "पुसली असतीस तर काय झिजली असतीस?" असं बोललो मी. दोन दिवस माझ्या ताटात तिनं वाढलं नाही. माझं मीच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिस होती. मॅनेजर शेडच्या पायरीवर उभा होता. मी डबा त्याच्यापुढे धरला.

"हा तू घाल. पट्टी तुझ्यासारखीच आहे."

पहिल्यांदा त्याला तू म्हणालो. तो आधी त्यालाच दचकला.

"काका, हे काय बोलताय? मी जातपात मानतच नाही."

"मी जातीचं नाव काढलंय का? तूच काढलंस."

त्याचे कान लाल झाले. हळू आवाजात म्हणाला, "व्हिसा कॅन्सल होईल. विचार करा काका."

"काका म्हणू नको. तुझ्या काकाच्या गळ्यात बांधला असतास का?"

डबा मी त्या साडेसहा फुटी गड्याच्या बाकाच्या खुंटीला अडकवला. भाषा येत नाही, म्हणून बोटानं दाखवलं. तोंड तुझं, डबा तुझा. त्याला कळलं. हसला नाही.

मला गोदामावर टाकलं. मातीच्या गोण्या उचलतो. कंबर जाते. पण गोणी थुंकत नाही.

परवा मॅनेजरचा फोन आला. उंचवटा बसत नाहीये, दोन फेकणारे घसरून पडले, या म्हणाला. काका म्हणाला नाही. मी सांगितलं, "आधी थुंकणाऱ्यांच्या हातात झाडू दे. ते शेड झाडतायत असा फोटो पाठव. मग येतो."

फोटो आलेला नाही. येईपर्यंत त्यांना घसरू दे. व्हिसा कॅन्सल झाला तर गोणी खाली ठेवून जाईन.

अनसूला वेडी म्हणालो होतो, तो शब्द परत घ्यायला ती उरली नाही. म्हणून तो मलाच ठेवलाय. अंगावर थुंकी झेलून कॅमेऱ्यापुढे हसला, तो वेडा. तो माणूस त्या खुंटीला टांगून आलोय. त्याला खाली उतरवायला मी जाणार नाही.