धार लावायला दिलेली विळी

पाथर्डी फाट्याजवळच्या एका बिल्डिंगमध्ये माझा मोठा भाऊ राहतो. मनोरुग्णालयात बरीच वर्षं काढून आलेले पाच जण तिथल्या एका फ्लॅटमध्ये मिळून राहतात. मदतीला एक ताई रोज येऊन जातात. सुरुवातीला सोसायटीतले लोक कुरकुरले, तेव्हा मी चेअरमनना जिन्यातच झापलं होतं, "माणसंच आहेत ती! साप सोडलेत का आम्ही?" तोंड चालवण्यात मी कधीच मागे नसते.

मग एका रविवारी दादा पहिल्यांदाच एकटा, सिटी बसने, माझ्याकडे जेवायला यायचा होता. सकाळीच मी भाजी चिरून घेतली आणि विळी, दोन्ही सुऱ्या, मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटकसुद्धा दिवाणाच्या कप्प्यात टाकलं. ऐन आजारातही दादाने कधी कुणावर हात उगारला नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी टाकलं.

तो आला पिशवीभर कांदे घेऊन. आम्ही चांदवडकडचे, रिकाम्या हाताने येणं त्याला जमत नाही. "कोशिंबीर मी करतो. रविवारी तिकडं माझीच पाळी असती," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला आणि वाकून ओट्याखाली बघू लागला. विळी आमच्या आईची. ती कोपऱ्यातच असणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"धार लावायला दिलीय, दादा," मी म्हटलं.

"आणि सुरी?"

"तीपण."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कांदा ओट्यावर ठेवून बुक्कीने फोडला, शेतावर फोडायचो तसा, आणि माझ्या मुलीला म्हणाला, "असा लय गोड लागतो बघ." तिला केवढी गंमत वाटली. आम्ही पोटभर जेवलो.

जेवणानंतर तो दिवाणावर आडवा झाला आणि घोरू लागला. खाली विळी, वर दादा आणि समोर खुर्चीत राखण करत मी. शेवटी स्वतःचीच इतकी लाज वाटली, की उठून भांडी घासायला घेतली.

निघताना चपला घालत तो म्हणाला, "धार लावून आली की सांग. मग येतो."

आवाजात राग असता, तर मी निदान भांडले तरी असते.

विळी त्याच संध्याकाळी कोपऱ्यात परत गेली. दादाचा फोन दर आठवड्याला येतो. घरच्यांची विचारपूस होते, मग तो विचारतो, "आली का गं विळी?" आली म्हटलं की तो येईल, मला कळतं. पण जी गेलीच नव्हती, ती आली कशी म्हणू? आणि खरं सांगायला तोंड उघडत नाही, एवढं चालणारं तोंड.

"नाही अजून," मी म्हणते.

"असू दे," तो म्हणतो, "घाई नाय."