सरबतात गेलेला बर्फ

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मी पंचवीसेक वर्षं जातो आहे. त्यात विज्ञान किती आणि शाली किती, हे मोजायचं सोडून दिलंय.

यंदा ते घोडेगावात भरलं. माझ्या वर्गातल्या, सातवीतल्या एका मुलीने दोन भरीव रबरी चेंडू आणले होते. एक उन्हात तापवलेला, दुसरा रसवंतीवरून आणलेल्या बर्फात पुरलेला. रबर गारठलं की ताठरतं आणि चेंडू कमी उसळतो, एवढाच प्रयोग. मागे तिने लिहिलेला तक्ता: मध्य अमेरिकेतले लोक फार पूर्वी झाडाच्या चिकात वेलीचा रस मिसळून चेंडू करत, गंधक घालून रबर पक्कं करण्याची युक्ती पुष्कळ नंतरची.

तिचे आईवडील ऊसतोडीला निघायचे होते. प्रयोग जिल्ह्याला गेला तर पोरगी मावशीकडे ठेवायची, नाहीतर बरोबर न्यायची, असं वडिलांनी कबूल केलं होतं. ही अट मीच सुचवली होती. तेव्हा मोठी हुशारी वाटली होती.

दहाच्या उद्घाटनाला पाहुणे साडेबाराला आले आणि विज्ञानामुळे वेळ कसा वाचतो यावर पाऊण तास बोलले. परीक्षक आमच्या टेबलाशी पोचले तेव्हा दोन वाजले होते. दोन्ही चेंडू सारखेच उसळले.

"बाळ, फरक कुठाय?"

"सर, बर्फ हुता. सरबतात गेला."

"कुणाच्या?"

"मोठ्या सायबाच्या."

यजमान शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "अहो गुरुजी, पाहुण्यांना काय कोमट सरबत द्यायचं? आणि बर्फ धुऊन घेतला होता आम्ही."

परीक्षक मनापासून हसले. मी म्हणालो, "दहा मिनिटं द्या, बर्फ आणतो." चेंडू गारठायला तास लागतो हे मला ठाऊक होतं. त्यांनाही असावं. "अजून चाळीस टेबलं आहेत, गुरुजी," म्हणत त्यांनी उत्तेजनार्थ बक्षीस लिहिलं.

संध्याकाळी वडील फाटकाशी उभे होते.

"बक्षीस मिळालंय," मी म्हणालो.

"जिल्ह्याला?"

"न्हाई," पोरगीच म्हणाली.

"तरी ठेवा तिला मावशीकडे," मी म्हणालो. "शाळा बुडेल."

"गुरुजी, शब्द तुमीच घेतला हुता," ते शांतपणे म्हणाले. "आता तुमीच मोडायला सांगताय व्हय?"

मुलीने प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं.

"शाळेतच ठिवा. तिकडं पाचटाच्या कोपीत उंदरं लई."