देवघराबाहेर दोघी

रिपोर्ट चांगले आले म्हणून घरी पेढे वाटले. मला पेढा गिळवेना. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ पूर्ण निघाली, मोठ्या आतड्याचा तेवढा भाग काढला, कीमोही संपली, आता अधूनमधून तपासणीला यायचं. फक्त उरलेलं आतडं परत जोडता येणार नाही. पोटाच्या डाव्या बाजूला त्याचं तोंड बाहेर काढलं आहे आणि त्यावर एक पिशवी चिकटवलेली असते. लोक जे दार लावून करतात, ते माझं चारचौघांत, पोटावर, केव्हाही होतं. कधी कधी आवाज करून होतं.

माधव नगरात भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, महाकालाची कृपा. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, कृपाच करायची होती तर जरा आधी करायची. आजारपणाने माणूस सोशिक होतो असं ऐकलं होतं. माझी जीभ उलट जास्तच तिखट झाली. साड्या कपाटात गेल्या. भैरवगढच्या छापाचे ढगळ झगे घालून मी घरात फिरायची आणि कुणी जवळ बसलं की उठून दुसरीकडे जायची. वास येतो का, असं आमच्या यांना मी दिवसातून इतक्यांदा विचारायची की हे बिचारे माझ्या तोंडाकडे बघूनच 'नाही' म्हणायला शिकले.

असं चाललेलं असताना भाद्रपद जवळ आला.

आमचे पूर्वज कधीकाळी दरबारची दप्तरं सांभाळायला इकडे आले. दरबार गेला, मुलं हिंदीत भांडायला लागली, पण सोवळं काही गेलं नाही. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्या नैवेद्याचं पुरण घरच्या सुनेनेच करायचं असतं. डोक्यावरून अंघोळ करायची, उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं, कुणाचा हात न लागलेलं नऊवारी नेसायचं आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही. मी शाळेत गणित शिकवायची. सोवळ्याची भरपूर चेष्टा केलेली आहे. पण चव न घेता पुरण बरोबर उतरवणं, याचा मला गर्व होता. लग्न होऊन आल्यापासून त्या एका सकाळी देवघर आणि स्वयंपाकघर माझं असायचं आणि सासूबाईसुद्धा मला विचारून आत यायच्या.

आता पोटावर ही पिशवी बांधून मी कुठल्या तोंडाने आत जाणार होते?

तपासणीला इंदूरला गेले तेव्हा तिथल्या नर्सच्या खोलीत एक बाई भेटली होती. तिच्या पोटावर अशीच पिशवी कित्येक वर्षं होती आणि ती आपणहून तिथे खुर्ची टाकून बसायची, माझ्यासारख्या नव्यांशी बोलायला. मी तिला चिडून विचारलं होतं, पूजा कैसे करती हैं आप? ती म्हणाली, "बेनजी, जो सबके पेट में है, वही आपकी थैली में है। भगवान को क्या अभी पता चला?" मला हसू आलं. दवाखान्यातून निघाल्यावर परतीच्या सबंध रस्त्यात मी पहिल्यांदा पोटावरचा हात काढून बसले होते.

पण महालक्ष्म्यांच्या तोंडावर पुन्हा तपासणीला गेले, तर खुर्ची रिकामी. नर्स म्हणाली, "उनकी गाँठ फिर से निकली है। इलाज चल रहा है।" माझे रिपोर्ट त्या दिवशीही चांगलेच होते. मी ते पर्समध्ये घातले आणि घरी येईपर्यंत पोटावर हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सांगून टाकलं, "आई, या वर्षी पुरण माझ्याने नाही होणार. बाहेरून मागवून घेऊ."

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. सोवळ्याच्या बाबतीत अशा कडक की एकदा धोब्याचा हात लागला म्हणून सबंध दांडी परत धुवायला लावली होती. मला वाटलं, बोलतील, आकांडतांडव करतील. त्या देवघराबाहेरच्या आपल्या खुर्चीवर बसून होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरं."

तेवढंच. तो 'बरं' मला शस्त्रक्रियेच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखला. म्हणजे आईंनाही तेच वाटतंय तर. मी खोलीत जाऊन रडले आणि रडताना पिशवीने आपलं काम केलं, तेव्हा आणखी रडले.

वापरलेली पिशवी मी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी थैली बांधून मागच्या अंगणातल्या डब्यात टाकते. कचरा गाडी गाणं वाजवत आली की डबा मीच नेते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. महालक्ष्म्या यायच्या आदल्या सकाळी डबा उचलला, तर वरची थैली फाटलेली. माझीच समजून सारखी करायला गेले. माझी नव्हती. तसंच वर्तमानपत्र, तशीच घडी, वर वातीच्या सुताची गाठ, आणि आत मोठ्या माणसाचं डायपर.

वातीचं सूत घरात एकच माणूस वळतं.

मी तिथेच पायरीवर बसले. गाडी गाणं वाजवत निघून गेली. मग एकेक आठवायला लागलं. चैत्रापासून सासूबाई देवघरात गेलेल्या नव्हत्या. गुडघे नाही वळत म्हणायच्या आणि खुर्ची टाकून बाहेरूनच यांच्याकडून पूजा करून घ्यायच्या. पण तेच गुडघे संडासाकडे चांगले वळायचे, बरेचदा घाईने. आणि हे, मेडिकलमधून माझ्या पिशव्या आणताना नेहमी दोन थैल्या घेऊन यायचे. एक मला द्यायचे. दुसरीचं मी कधी विचारलं नाही. ह्यांनी दोघींचं झाकलं, एकीला दुसरीचं कळू दिलं नाही. चांगुलपणाच तो, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला.

मी हात धुऊन सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "आई, थैली फाटली होती."

त्यांना लगेच कळलं. चेहरा इतका उतरला की मला वाटलं, उगाच बोलले.

"तुला त्याने सांगितलं?"

"नाही."

मग खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत म्हणाल्या, "तू पुरण नाही करत म्हणालीस ना, मला बरं वाटलं. खरं सांगते. मी एकटीच बाहेर बसायची. मला वाटलं, आता सोबत होईल."

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. आधी संतापच आला. मी रात्रंदिवस जळत होते आणि ही बाई सोबत मिळाली म्हणून समाधानात होती. मग त्यांचे हात दिसले. वाती वळून वळून चपटी झालेली बोटं. या बाईने सबंध आयुष्य ज्या खोलीत काढलं, तिच्या दाराशी ती चैत्रापासून बसून होती आणि कुणाला का ते सांगू शकत नव्हती. ते मला जितकं कळत होतं तितकं आणखी कुणाला कळणार होतं?

"सोबतच हवी ना?" मी म्हणाले. "मग उद्या नाही, परवा, आत करू सोबत."

"अगं, पण..."

"माझं काही बंद होणार नाही, आई. तुमचंही होणार नाही. महालक्ष्म्यांना उपाशी ठेवायचं का त्यापायी?"

जेवणाच्या दिवशी मी नवी पिशवी लावून अंघोळ केली. नऊवारीच्या निऱ्या पोटावर बसेनात. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने त्या जरा उजवीकडे सरकवून खोचल्या आणि त्यांचा हात पिशवीला लागला. त्यांनी तो काढून घेतला नाही. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या, मी डाळ शिजवली, कट काढला. आणि नेमका तेव्हा पोटातून आवाज आला, चांगला मोठा.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं पोट."

"बरं. गूळ घाल."

उलथणं पुरणात उभं राहिलं. चव कुणीच घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी निरोप. अक्षता टाकून मुखवटे हलवायचे आणि म्हणायचं, पुढच्या वर्षी या. दरवर्षी मी ते सहज म्हणायची. या वेळी अक्षता मुठीत घेतल्या आणि मला इंदूरची ती रिकामी खुर्ची दिसायला लागली. पुढच्या वर्षी पुरण करायला कोण असेल, हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. मी मूठ उघडली नाही. हे तबक धरून खाली बघत उभे राहिले.

सासूबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. त्यांनी अक्षता टाकल्या, "पुढच्या वर्षी या" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"म्हण."

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी या वयात म्हणते आहे," त्या म्हणाल्या, "तुला काय झालं म्हणायला?"

मी म्हणाले.