साबणाचा वास
संत्र्याची साल सोलली की मला काटोलचा बाजार आठवतो. तिथे दुसऱ्यांदा संत्र्यांच्या पेट्या चोरीला गेल्या आणि नागपूर पोलिसांकडून तपासाला मी गेले. पहिली चोरी पकडणारे माझे निवृत्त जमादार बाबाही न बोलावता सोबत आले. चोराच्या पायाच्या ठशावर टोपली पालथी घालून ते राखणीला बसले. मी हमालांचे हात हुंगू लागले. बाबा ओरडले, "चोर पायावरून सापडते वं पोरी! हात काहून हुंगून राहिली?" मी ऐकलं नाही. सगळ्यांच्या हातांना संत्र्यांचा वास होता; एक शहाणा मात्र साबणाने हात धुऊन आला होता. तो पळाला, बाबा आपल्याच टोपलीत पाय अडकून आपटले, मी त्याला धरलं. आता माझी लेक पोलिसात आहे. परवा म्हणाली, "आई, लोकांचे हात हुंगणं सोड आता." मी ऐकलं नाही.