चौदा वेळा ताल बदलणारी मावशी

दिवसा मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी एका गॅरेजमध्ये ड्रम वाजवायची. तिचा बँड प्रोग्रेसिव्ह रॉकचा. म्हणजे एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं, ताल कधी पाचचा, कधी सातचा, मध्येच अकराचा. "यावर नाचायला उठलं तर पाय मोडेल," असं माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, म्हणायची.

एकोणिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा तिथे गेली. जुना ड्रमर सोडून गेला होता. ऑर्गनवाला बँडचा म्होरक्या. तो म्हणाला, "या गाण्यात ताल चौदा वेळा बदलतो. आठ दिवस ऐका, मग बघू."

मावशीनं त्या गाण्याची टेप दोनदा ऐकली आणि सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत वाजवून काढलं. मग काठ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "नवव्या बदलाला तुम्ही दर वेळी एक मात्रा खाता."

टेप मागे नेऊन ऐकली. ऑर्गनवाला खरंच मात्रा खात होता! बावीस वर्षं ती त्या बँडमध्ये टिकली, ती तिथपासून.

दणादण बडवणं तिला कधी आवडलं नाही. हात हलका, मनगट सैल. जिथे बाकीचे ड्रमर चार ठोके भरतात तिथे ती एकच मारायची आणि उरलेली जागा मोकळी सोडायची. आकडे मोजायची नाही. सातच्या तालाला ओठातल्या ओठात म्हणायची, "चहा उतू गेला गं." अक्षरं मोजून बघा, सात भरतात.

मोठ्या सभागृहातल्या पहिल्या कार्यक्रमाला मी आणि आई पुढेच बसलो होतो. वीस मिनिटांच्या गाण्यात सहाव्या मिनिटाला मधल्या ड्रमचं कातडं टरकन फाटलं. ऑर्गनवाल्याचा चेहरा पांढराफटक. मावशीनं मान हलवून 'चालू दे' अशी खूण केली. ते सगळे ठोके तिनं मोठ्या ड्रमच्या लाकडी कडेवर आणले. खट-खट असा कोरडा आवाज, खाली पायाचा संथ घुमारा. ऑर्गनवाला आपोआप हळू झाला. शेवटची चौदा मिनिटं तिनं तशीच तोलून धरली. लोकांना वाटलं, गाणं बसवलंयच असं. उभं राहून टाळ्या वाजवत होते.

पडदा पडल्यावर ऑर्गनवाला तिच्यापाशी आला. "आता हे असंच ठेवायचं."

"मग रेकॉर्डवर माझं नाव घालायचं. वाजवणारी म्हणून नाही, रचणारी म्हणून."

"घालतो."

आणि घातलं. रेकॉर्ड आली तेव्हा आईनं चष्मा पुसून पुसून ती ओळ वाचली. मग सात प्रती आणल्या आणि नात्यात घरोघरी जाऊन स्वतः दिल्या. मोठ्या काकूंनी विचारलं, "पण यात गाणं कधी सुरू होतं?"

आई ताडकन म्हणाली, "कळत नसेल तर पुन्हा ऐका. माझ्या बहिणीनं दोनदाच ऐकलं होतं!"