पाच स्टुलं आणि मॅडमचं चुंबक

न धुतलेल्या टेस्ट ट्यूब सिंकमध्ये साचतात, तसे आमच्या केमिस्ट्री विभागात किस्से साचतात. कोणी धुवत नाही आणि कोणी फेकतही नाही. त्यातले बरेचसे मॅडमच्या तासाचे.

मॅडम म्हणजे माझी पत्नी. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एकाच कॉलेजात ती इनऑरगॅनिक शिकवायची, मी ऑरगॅनिक. विभागात सगळे मॅडम म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो आणि ती सवय बाजारापर्यंत गेली. एकदा भाजी घेताना मी विचारलं, "मॅडम, दोडके घ्यायचे का?" भाजीवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "भैया, पहले मैडम की गाड़ी हटा लो, रास्ता जाम है!"

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. किस्से राहिले.

*

क्रिस्टल फील्ड थिअरी मॅडम फळ्यावर शिकवतच नसत. पाच स्टुलं मांडायच्या. ही धातूच्या आयनातली इलेक्ट्रॉनची पाच घरं. सुरुवातीला सगळी एका पातळीवर. मग सहा पोरं लिगंड, म्हणजे धातूभोवती जमणारे कण, होऊन सहा दिशांनी जवळ यायची: चौघं चार बाजूंनी, एक बाकावर चढून वरून, आणि एक जमिनीवर बसून खालून. (खालच्याची जागा कोणालाच नको असायची!) ते जवळ आले की दोन स्टुलं उचलून फळ्याजवळच्या प्लॅटफॉर्मवर जायची, तीन खाली राहायची.

आता खरी गंमत. पाणी हा कमजोर लिगंड. तो आला तर पाच इलेक्ट्रॉन, म्हणजे आणखी पाच पोरं, पाच स्टुलांवर एकेकटे बसणार. त्याला म्हणायचं हाय-स्पिन. सायनाइड जोरदार. तो आला की वरच्या दोघांनी उतरून खालच्यांच्या शेजारी, एका स्टुलावर दोघं असं बसायचं. हे लो-स्पिन.

हा खेळ सुरू झाला त्या वर्षी सायनाइड आलं. वर दोन मुली, खाली तीन मुलं. कोणी हलेना! सायनाइड बिचारं ढकलून ढकलून दमलं. शेवटी मॅडमनीच हात टेकले. म्हणाल्या, "जगात काहीही होवो, आपल्या बालाघाटात सगळं हाय-स्पिनच राहणार!"

*

एका स्टुलावरच्या दोन इलेक्ट्रॉनचे स्पिन उलटे असतात. म्हणून एकाचं तोंड फळ्याकडे, दुसऱ्याचं दाराकडे. आमचे लॅब अटेंडंट भोयरभाऊ एकदा चहा घेऊन आले आणि दारातच थांबले.

"मॅडम, याईचं भांडण झालं का? एकाच स्टुलावर बसून पाठ फिरवून राह्यले!"

"भांडण नाही भाऊ. जोडी आहे. जोडीत असंच बसतात."

भोयरभाऊंनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग कोपऱ्यात वही तपासत बसलेल्या माझ्याकडे.

"हौ, हौ," ते म्हणाले. "समजलं!"

*

कविता तिरोडीची, तेव्हा पहिल्या वर्षाला. वडील मँगनीजच्या खाणीत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिला विचारलं, "मँगनीज सल्फेटचा रंग?"

"काळा."

"अगं, फिकट गुलाबी!"

"मंग सर, आमच्या बाबाचा शर्ट धुताना पाणी गुलाबी काहून नाही निघत?"

सरांनी चहा मागवला.

वरच्या वर्गाच्या पुढच्या तासाला मॅडमनी पाच स्टुलं मांडली ती मँगनीजची; कविता दारातून बघत होती. तेव्हापासून सुरुवात मँगनीजनेच होऊ लागली.

*

यंदा मॅडमचा पेपर माझ्याकडे आला, आणि वर्गात कविता. व्हॅलन्स बाँड थिअरी मी शिकवली. मग उजळणी घेतली. मग उजळणीची उजळणी. परीक्षा जवळ आली, तरी पुढचा धडा काही निघेना. स्टुलं भिंतीशी रांगेत होती. मी त्यांच्याकडे पाठ करूनच शिकवत होतो.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, फिर से व्हीबीटी?"

कविता उभी राहिली. "सर, या थिअरीनं रंग समजावता येत नाही, असं तुम्हीच सांगितलं ना?"

"हो."

"मंग पेपरात रंग आला तर आम्ही काय लिहायचं?"

 मी म्हणालो, "उद्या."

*

दुसऱ्या दिवशी गेलो, तर स्टुलं मांडलेली, दोन प्लॅटफॉर्मवर, तीन खाली! चार इलेक्ट्रॉन बसलेले. पाचवा रामपायलीचा मोहन, घरी धानाची कापणी म्हणून गैरहजर.

"सर, तुम्ही बसा," कविता म्हणाली.

बसलो. खालच्या तिसऱ्या स्टुलावर.

पाणी आलं, काही झालं नाही. मग कविता पाच जणांना घेऊन सायनाइड होऊन आली. प्लॅटफॉर्मवरचे दोघं धाडकन उतरले आणि आपापल्या दोस्तांच्या शेजारी पाठ फिरवून बसले. सरांच्या स्टुलावर बसायची हिंमत कोण करणार!

भोयरभाऊ दारात उभे होते. "अरे, सराजवळ कोणी बसा ना रे!"

"नाही भाऊ!" कविता ओरडली. "कोणी बसलं तर उत्तर चुकते!"

या तासाचा शेवट ठरलेला असे. मॅडम कपाटातलं नालाच्या आकाराचं चुंबक काढून लांबून दाखवायच्या. जोडीने बसलेल्यांनी जागचं हलायचं नाही. एकट्या बसलेल्याने मात्र चुंबकाकडे सरकायचं, कारण चुंबक ओढतं ते एकट्यालाच.

कविता कपाटाकडे गेली. चुंबकावरची धूळ तिने ओढणीने पुसली आणि ते हातभर पुढे धरून उभी राहिली.

वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि स्टुलासकट सरकलो.