शेवटची लांब शीळ

जुन्या रेडिओ बीकनांची अचूक यादी करण्याचे काम मी गेले वर्षभर करते आहे. जमिनीवरचा असा बीकन आपली ओळख सांगणारी दोन अक्षरे मोर्सच्या आखूड-लांब आवाजांत सतत पाठवत असे आणि त्यावरून वैमानिकाला दिशा कळे. कोल्हापूरच्या बीकनची देखभाल माझे वडील करत. संध्याकाळी कामावरून परतले, की फाटकातूनच ते शीळ घालून तीच अक्षरे वाजवत. आता वडील नाहीत आणि बीकनही कधीचाच बंद झाला.

वैमानिकांच्या जुन्या नकाशात छापलेली कोल्हापूरची अक्षरे मात्र त्या शिळेशी जुळेनात. नकाशात शेवटी एक लांब खूण जास्त होती. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी इतरांना ठणकावून सांगते. तरीही या एका नोंदीत मला नकाशा चुकलेला हवा होता. अखेर उचगावला वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे गेले आणि आठवत होती तशी शीळ वाजवून दाखवली.

ते हसले. "नकाशा बरोबर हाय की. तुझा बाबाच अर्धवट वाजवायचा. म्हणायचा, शेवटची लांब शीळ घालायच्या आत पोरगी दार उघडती, मग कुणासाठी वाजवू?"

यादीत मी नकाशाप्रमाणे नोंद केली. त्या संध्याकाळी आमच्या फाटकाशी उभी राहून मी दोन्ही अक्षरे पहिल्यांदाच पूर्ण वाजवली. दार बंदच होते. शेवटची शीळ खरोखरच फार लांब आहे.